घरी मोजायची औषधं

सिरोसिसचा पेशंट डिस्चार्ज घेऊन घरी आला की नातेवाईक औषधांची पिशवी टेबलावर ओततात आणि एकच प्रश्न विचारतात: यातली लिव्हरची गोळी कोणती? खरं उत्तर असं की बहुतेक वेळा एकही नाही. एक गोळी हृदयाचे ठोके कमी करणारी, दोन लघवी वाढवणाऱ्या, एक गोड-चिकट सारकाची बाटली, एखादी आतड्यातल्या जंतूंवरची. यकृताचं नाव कुणावरच नसतं. मग पिशवीच्या तळाशी एखादं ‘लिव्हर टॉनिक’ सापडतं, त्यावर यकृताचं रंगीत चित्रही असतं आणि घरचे निश्चिंत होतात. पुढे महिन्याच्या खर्चाला कात्री लावायची वेळ आली की चित्रवालं टॉनिक चालू राहतं आणि बाकीच्यांतली एक-दोन बंद होतात.

हे पुस्तक त्या बाकीच्यांबद्दल आहे. ते पेशंटच्या घरच्यांसाठी लिहिलेलं आहे आणि प्रस्तावनेसाठी मला विचारलं ते बहुधा एवढ्यासाठीच, की माझी सगळी प्रॅक्टिस घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यात गेली. मी यकृततज्ज्ञ नाही. यकृततज्ज्ञ पेशंटला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बघतो, मधल्या काळातलं सगळं ज्याच्या दारात येतं त्या जातीचा मी डॉक्टर. त्यामुळे डोस कागदावर उतरल्यानंतर त्याचं पुढे काय होतं, हे मला जरा जास्त दिसतं. आणि दिसलेलं थोडक्यात सांगायचं तर, सिरोसिसच्या मुख्य औषधांचा डोस डॉक्टर लिहितो खरा, पण ठरतो तो घरी. वजनकाट्यावर, संडासात आणि स्वयंपाकघरात.

आधी शरीरात घडतं काय ते. वर्षानुवर्षं सूज येत राहिली की यकृताच्या मऊ पेशींच्या जागी व्रणाचे कडक धागे तयार होतात आणि यकृत गाठाळ, आकसलेलं होतं. आतडी आणि प्लीहा यांच्याकडून यकृताकडे रक्त आणणारी मोठी शीर, पोर्टल व्हेन, तिचा रस्ता तुंबतो. ३ जुलै २०१८ च्या सकाळी अंधेरीत गोखले पुलाचा एक भाग रुळांवर कोसळला, तेव्हा पश्चिम रेल्वेची गर्दी एस. व्ही. रोडवर आणि ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत अशा गल्ल्यांत शिरली होती. तुंबलेलं रक्तही तेच करतं. अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या, एवढ्या रक्तासाठी कधीच नसलेल्या बारीक शिरांमध्ये ते घुसतं, त्या फुगतात, आणि एखाद्या दिवशी फुटून रक्ताची उलटी होते. मूत्रपिंडं मीठ धरून ठेवू लागतात आणि पोटात पाणी साठतं. जे रक्त यकृताला वळसा घालून निघून जातं, त्यातला अमोनिया न गाळता मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस गुंगतो, बरळतो, दिवसाची रात्र करतो. ही गुंतागुंत सुरू होण्याआधीचा सिरोसिस आणि नंतरचा सिरोसिस हे जणू दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात निम्म्याहून जास्त पेशंट बारा वर्षांच्या पुढे जातात. दुसऱ्यात तो आकडा दोनेक वर्षांवर येतो. या पुस्तकातली औषधं त्या दोन आजारांमधल्या सीमेवर काम करतात.

यकृत बिघडलं म्हटलं की शेजारीपाजारी भुवया उंचावतात: पीत होता वाटतं? आपल्या उपनगरांत दारूचे बळी वर्तमानपत्रात येतात ते विषारी दारूचे. विक्रोळीत २००४ साली आणि मालवणीत जून २०१५ मध्ये लोक मेले ते मिथेनॉलने. मालवणीत तर शंभराहून जास्त. तो यकृताचा आजार नव्हता. मिथेनॉल डोळे आणि मेंदू घेतं, तेही तासा-दिवसांत. साध्या, परवानाधारक, बिलासकट मिळणाऱ्या दारूने पंधरा-वीस वर्षांत आकसलेलं यकृत मात्र कुठल्याच बातमीत येत नाही. पण दारू हे एकच कारण नव्हे. जुहूला राहणाऱ्या अमिताभ बच्चन यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात झालेल्या अपघातानंतर त्यांना अनेक दात्यांचं रक्त द्यावं लागलं आणि त्यातून हिपॅटायटिस बी शिरला. हे कळलं सुमारे दोन दशकांनी, तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता, असं त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. उरलेल्या पाव यकृतावर हा माणूस काम करतो आहे, आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना आग्नेय आशियासाठी हिपॅटायटिसविषयक सदिच्छादूत नेमलं. तिसरं कारण आता सगळ्यांत वेगाने वाढतंय: मधुमेह आणि पोटाचा घेर यांच्या जोडीने येणारं फॅटी लिव्हर. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ वाचून हसण्यावारी नेणारे माझ्याकडे रोज येतात.

कारण महत्त्वाचं, कारण यकृताला थोडंफार सावरू देणारे उपचार फक्त तिथेच आहेत. हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर, बहुधा आयुष्यभर. सी असेल तर सोफोसबुव्हिर आणि जोडीचं औषध, तेही तीन-सहा महिन्यांत संपणारं. ते जगात आलं तेव्हा त्याच्या किमतीने डोळे पांढरे व्हायचे. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना जनरिक बनवायची परवानगी मिळाली आणि ते आवाक्यात आलं. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात, तरी खासगीत पैसे मोजणारी कुटुंबं मला अजून भेटतात. दारू असेल तर दारू सोडणं हेच औषध, आणि त्याची तोडीस तोड बदली अजून निघालेली नाही. सोडायला मदत हवी तर वांद्र्याला माउंट कार्मेल चर्चच्या आधाराने फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेली कृपा फाउंडेशन आहे, पुण्याला मुक्तांगण आहे. ‘कमी करतो, डॉक्टर’ या वाक्याला सिरोसिसमध्ये काही अर्थ नाही.

आता पोटातलं पाणी. हे दुखणं आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुताने जलोदरात पोटाला छिद्र पाडून नळीने पाणी काढण्याची कृती लिहून ठेवली आहे, आणि सगळं पाणी एकाच दिवशी काढू नये, पोट कापडाने आवळून ठेवावं, असं बजावलंही आहे. एकदम पाणी काढलं तर माणूस का कोसळतो, याचं नेमकं उत्तर मिळायला विसावं शतक संपत यावं लागलं. त्याकडे येतोच.

रोजचं औषध स्पायरोनोलॅक्टोन. साठहून अधिक वर्षं जुनी, स्वस्त गोळी. ती मूत्रपिंडाला मीठ सोडायला लावते. जोडीला फ्युरोसेमाइड. साधारण १०० मिलिग्रॅमला ४० अशी जोडी, आणि तीच जोडी राखत गरजेनुसार चढत जायचं. गोळी लागू पडतेय की नाही हे कळायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी ‘फरक नाही’ म्हणत डॉक्टर बदलू नये. खरा निकाल वजनकाटा देतो. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेच कपडे, तोच काटा. पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो उतरावं, सूज असेल तर किलोपर्यंत चालतं. त्याहून वेगाने उतरू लागलं तर घरचे पेढे वाटतात, पण तीच धोक्याची खूण. पोटातलं पाणी ठरावीक वेगाहून जास्त आत खेचलं जात नाही. वरचं पाणी मग रक्तातून जातं आणि मूत्रपिंडं बसतात. पुरुषांमध्ये स्पायरोनोलॅक्टोनने छाती भरते, दुखते. लाजेपोटी ते सांगत नाहीत, गुपचूप गोळी बंद करतात. सांगितलं तर दुसरी गोळी देता येते.

मिठाचा हिशेब या पुस्तकातलं मला सगळ्यांत आवडलेलं प्रकरण. दिवसाचं एकूण मीठ सपाट एक चहाचा चमचा. त्यात भाजी-आमटीतलं आलं, पण पावातलं, खारी बिस्किटातलं, फरसाणातलं, पापड-लोणच्यातलं आणि वेसाव्याहून आलेल्या सुकट-बोंबिलातलंही आलं. ‘आम्ही वरून मीठ घेत नाही’ हे वाक्य ऐकलं की मी फरसाणाच्या डब्याची चौकशी करतो. सैंधवही मीठच. आणि बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम शरीरात राखून ठेवते, त्यामुळे हे दोन्ही एकत्र आले तर हृदयाची लय बिघडू शकते. नेमका हाच धोका शहाळ्याचा. मुंबईत रुग्णालयाच्या फाटकाबाहेर शहाळीवाला असतोच, आणि भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही. मूत्रपिंड कुरकुरत असलेल्या सिरोसिसच्या पेशंटला रोज दोन शहाळी पाजणं म्हणजे प्रेमाने केलेलं नुकसान.

सलाईनचं तसंच. अशक्तपणा वाटला की गल्लीतल्या दवाखान्यात ‘एक बाटली चढवा’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे, आणि डॉक्टरही कधी कधी मोडता घालत नाहीत. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. आठवडाभर अळणी आमटी गिळलेल्या माणसाच्या शिरेत आपण जवळपास पूर्ण दिवसाचा मिठाचा कोटा तासाभरात ओततो. उलट, पाणी मात्र बहुतेकांना तोडायची गरज नसते. रक्तातलं सोडियम फारच घसरलं, १२५ च्या खाली वगैरे, तरच पाण्यावर बंधन येतं. मे महिन्यात दहिसरच्या पत्र्याच्या खोलीत पेशंटला अर्धा लिटर पाण्यावर ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यामागे कुणाचीही चिठ्ठी नव्हती.

गोळ्यांनी भागेना किंवा पोट इतकं ताठ झालं की श्वास पुरेना, तर टॅपिंग, म्हणजे सुईने पाणी काढणं. इथे सुश्रुताचं बजावणं पुन्हा समोर येतं. पाच लिटरहून जास्त पाणी काढलं की रक्ताभिसरण ढासळतं, ते सावरायला शिरेतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन द्यावं लागतं: काढलेल्या प्रत्येक लिटरमागे आठ ग्रॅम. वीस टक्क्यांच्या शंभर मिलिलिटर बाटलीत वीस ग्रॅम असतं. आठ लिटर काढलं तर तीन बाटल्या उघडून वर थोडं. एकेका बाटलीची किंमत हजारांत, आणि म्हणून बोरिवली-मुलुंडची मुलं चिठ्ठी घेऊन लोकलने मरीन लाइन्स गाठतात, प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक दुकानांत भाव करतात. काय घ्यायचं हे मी त्यांना सांगू शकतो, कुठे काय भाव हे तेच मला सांगतात.

म्हणूनच अल्ब्युमिन कुठे वाया जातं हेही सांगायला हवं. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला तर ते जीव वाचवतं. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, अँटिबायोटिकसोबत अल्ब्युमिन दिलेल्यांत मूत्रपिंड बिघडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० वर आलं, रुग्णालयातले मृत्यू २९ वरून १० टक्क्यांवर. डोस मोठा: पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक. साठ किलोच्या माणसाला पहिल्याच दिवशी साडेचार बाटल्या. पण रिपोर्टमध्ये अल्ब्युमिनचा आकडा कमी दिसतो म्हणून तो वर आणायला रोज बाटली लावणं ही वेगळी गोष्ट. ब्रिटनमध्ये ७७७ पेशंटवर हे करून पाहिलं, निकाल २०२१ मध्ये आला: फायदा नाही, उलट फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास जास्त. दागिने मोडून आणलेली बाटली कोणत्या कारणाने लावली जातेय हे विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

जंतुसंसर्गाची एक अडचण अशी की तो गवगवा करत नाही. ताप नसतो, पोट फार दुखत नाही, माणूस फक्त मलूल होतो किंवा लघवी कमी होते. म्हणून पोटात पाणी असलेला पेशंट कोणत्याही कारणाने दाखल झाला तरी सुईने थोडं पाणी काढून त्यातल्या पेशी मोजायच्या. एका विशिष्ट पांढऱ्या पेशीचा आकडा २५० च्या वर गेला तर कल्चरची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू. ही साधी तपासणी राहून जाते तेव्हा फार महाग पडते.

गुंगीच्या प्रकरणात मी जरा रेंगाळणार आहे. औषध लॅक्ट्युलोज, म्हणजे तीच गोड-चिकट बाटली. झुरिकच्या योहानेस बिर्शर यांनी १९६६ मध्ये ते मेंदूच्या या धुक्यावर वापरून दाखवलं. ते पचत नाही. मोठ्या आतड्यात जंतू त्याचं आम्ल करतात आणि त्या आम्लात अमोनिया अडकून शौचावाटे जातो. दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: एकदा गुंगी येऊन गेलेल्यांपैकी लॅक्ट्युलोज घेणाऱ्यांत ती साधारण वीस टक्क्यांना परत आली, न घेणाऱ्यांत सत्तेचाळीस टक्क्यांना. इतका फरक पाडणारं इतकं स्वस्त औषध वैद्यकात फार नाही. त्याच्यावर रिफॅक्सिमिनची, म्हणजे आतड्यातल्या जंतूंवरच्या गोळीची, भर घातली तर आणखी बराच फायदा होतो. पण ते महाग, आणि ज्या चाचणीने ते २०१० मध्ये गाजलं तिच्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक पेशंट लॅक्ट्युलोजही घेतच होते. बाटली बंद करून नुसती महागडी गोळी घेणं ही हौस झाली.

लॅक्ट्युलोजचा डोस चमच्यात मोजत नाहीत. दिवसाला दोन-तीन मऊ शौच व्हावेत इतकं घ्यायचं. एकच झाला तर वाढवायचं, पाच झाले तर कमी करायचं, कारण जुलाबाने पाणी कमी झालं की गुंगी उलट वाढते. ऐकायला सोपं. आता हेच घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर राहणाऱ्या बाईला सांगून बघा, जिथे संडास वस्तीच्या टोकाला, रांग सकाळी सहाला लागते आणि रात्री एकटीने जायची सोय नाही. किंवा बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या कारकुनाला, ज्याला सव्वा तास लोकलच्या दारात उभं राहायचं असतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या शहरातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. म्हणजे लघवी वाढवणारी गोळी आणि शौच करवणारं औषध आपण अशांना लिहून देतो ज्यांच्या घरात मोरी आहे, संडास नाही. मग पेशंट कामाच्या दिवशी औषध गाळतो. डॉक्टर केसपेपरवर ‘औषध नीट घेत नाही’ असं लिहून मोकळा होतो. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीतल्या बायका स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागताहेत. तो प्रश्न माझ्या धंद्याचाही आहे हे मला उशिराने कळलं. पुस्तकाच्या लेखकांनी हे प्रकरण लिहिताना प्रत्येक घरात संडास आहे असं धरून चाललंय, एवढी एक माझी तक्रार. वेळ हलवता येते. पहाटे उठणाऱ्याने पहिला डोस झोपण्यापूर्वी घ्यावा, लघवीच्या गोळ्या कामावरून आल्यावर पण दिवेलागणीच्या आधी घ्याव्यात, सुटीच्या दिवशी वेळापत्रक बदलावं. डॉक्टरला हे विचारायला सुचलं पाहिजे, आणि पेशंटने लाज सोडून सांगितलं पाहिजे.

गुंगीची सुरुवात घरच्यांनाच कळते. रात्री टक्क जागा, दुपारी घोरतोय. सही वेगळीच येतेय. हिशेब चुकतोय, आणि चूक दाखवली की भडकतो. हात पुढे करून पंजे वर करायला सांगितलं तर पंजे फडफडतात. एक मिनिटात जितकी येतील तितकी प्राण्यांची नावं घ्यायला सांगा. दहाच्या आत अडखळला तर संशय घ्यावा. अशा वेळी घरात दोन चुका हमखास होतात. पहिली, झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी: अल्प्राझोलामसारखी एक गोळी आणि माणूस थेट बेशुद्ध. दुसरी, प्रथिनं बंद करणं. डाळ नको, अंडं नको, दूध नको, नुसता भात आणि उसाचा रस. हा सल्ला एके काळी डॉक्टरच देत होते, पण तो जुना झाला. सिरोसिसमध्ये स्नायू झडतात, आणि अमोनिया निकामी करायला यकृतानंतर स्नायूच धावून येतात. किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत. डाळ, दही, उसळ, अंडं काहीही. आणि रात्री उपाशी झोपायचं नाही. दहाच्या सुमाराला वाटीभर दहीपोहे किंवा खीर, कारण या यकृताकडे रात्रभर पुरेल एवढा साठा उरलेला नसतो. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, सगळ्याला सुट्टी.

रक्ताच्या उलटीबद्दल थोडक्यात. घरी काहीही करता येत नाही, फक्त वेळ वाचवता येतो. १०८ ला फोन, पेशंटला कुशीवर, तोंडाने काही नाही. रुग्णालयात टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइडने पोर्टलचा दाब उतरवतात, सेफ्ट्रायॅक्सोन सुरू करतात (रक्तस्रावात अँटिबायोटिक कशाला, असं वाटेल, पण त्यानेच कित्येक वाचतात) आणि बारा तासांच्या आत दुर्बिणीने शिरेला रबरी बँड लावतात. तुमच्या जवळ रात्री दोन वाजता एन्डोस्कोपी कुठे होते, हे निवांत दिवशी फोन करून विचारून ठेवा. पावसाळ्यात हायवे तुंबला तर दुसरं कुठे, हेही.

ही वेळ येऊच नये म्हणून जी गोळी आहे ती प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्वेडिलॉल. प्रोप्रॅनोलॉल जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात हृदयासाठी शोधलं, त्या कामाला १९८८ चं नोबेलही मिळालं. पॅरिसजवळच्या बोझॉं रुग्णालयातल्या दिदिए लब्रेक यांनी १९८०-८१ मध्ये दाखवलं की त्याने अन्ननलिकेतला पुन्हा होणारा रक्तस्रावही कमी होतो. स्पेनमध्ये २०१ पेशंटवर झालेल्या आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या चाचणीने तर आणखी पुढचं सांगितलं: ज्यांच्यात अजून काहीच गुंतागुंत झालेली नाही पण पोर्टलचा दाब वाढलाय, त्यांना ही गोळी दिली तर यकृत ढासळण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण २७ वरून १६ टक्क्यांवर येतं. म्हणजे वर म्हटलेल्या दोन आजारांमधली सीमा ही गोळी सहजी ओलांडू देत नाही. आणि हीच गोळी सगळ्यांत आधी बंद होते. पेशंट नेटवर वाचतो, ‘हे बीपीचं औषध, माझं बीपी तर कमीच आहे’ आणि सोडून देतो. बीपी वरचं ९० च्या खाली गेलं, दमा असेल किंवा मूत्रपिंड बिघडलं तर ती थांबवायची, पण डॉक्टरने. प्रोप्रॅनोलॉलवर नाडी ५५ ते ६० च्या दरम्यान असेल तर ते यश समजा. घाबरू नका.

आजार पुढे गेला की मूत्रपिंडंही माघार घेतात. तिथे टर्लिप्रेसिन आणि अल्ब्युमिन एकत्र देतात. अमेरिकेत या कामासाठी टर्लिप्रेसिनला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे ते त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. हृदय आणि श्वासावर लक्ष ठेवूनच ते द्यावं लागतं, आणि बहुतेकदा तोवर प्रत्यारोपणाचा विषय निघालेला असतो. तो लवकर निघायला हवा. पहिल्यांदा पोटात पाणी झालं तेव्हाच. अवयवांच्या प्रतीक्षायादीचं काम बघणारी मुंबईची झेडटीसीसी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आहे.

न घ्यायच्या औषधांचं प्रकरण पुस्तकात शेवटी टाकलंय, मी असतो तर पहिलं घेतलं असतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड या दुखणं मारणाऱ्या गोळ्या मूत्रपिंड बसवतात आणि लघवीच्या गोळ्या निष्फळ करतात. गंमत अशी की लोक पॅरासिटामॉलला ‘लिव्हरला वाईट’ म्हणून घाबरतात आणि त्याऐवजी या घेतात. सिरोसिसमध्ये दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत पॅरासिटामॉल हाच त्यातला सुरक्षित पर्याय. अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं सवयीने घेतली तर पोटातल्या संसर्गाचा धोका वाढतो. फसफसणाऱ्या पावडरमध्ये सोडियम असतं. काढे आणि जडीबुटी यांच्याबद्दल बोललं की पेशंटचे नातेवाईक दुखावतात. काविळीची माळ डोक्यावर ठेवा, तिने निदान पोटात काही जात नाही. पण कोविडच्या काळात, २०२० च्या शेवटच्या महिन्यांत, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा पेशंट नोंदवले आणि ते निदान २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. वादाचा निकाल काहीही लागो, ज्याच्या यकृताकडे पाव हिस्साच उरलाय त्याने प्रयोगाला उभं राहू नये, एवढं माझं मत आहे.

शेवटच्या परिशिष्टात औषधांची मूळ नावं दिली आहेत आणि समोरचा रकाना कोरा सोडलाय, कारण ब्रँडचं नाव केमिस्टकडच्या मालाप्रमाणे बदलत राहतं. तो रकाना पेन्सिलीने भरा. स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड सुटेही मिळतात आणि एकाच गोळीत जोडूनही. सुट्या गोळ्या चालू असताना संपल्या म्हणून कुणीतरी जोडगोळीची पट्टी आणतो, नंतर सुट्याही मिळतात, आणि पेशंट दोन्ही घेऊ लागतो. दोन्ही पट्ट्या एकाच डब्यात दिसल्या तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरला फोन करा.